पिवळ्या खुणांची घरं : परवानगीपासून प्रदर्शनापर्यंत

फेब्रुवारीत पणजीत माझ्या चित्रांचं एक छोटं प्रदर्शन झालं. विषय म्हणाल तर पडकी घरं, बंद पडलेले खाणीचे ट्रक, गावातले बसथांबे. बघायला आलेल्यांनी चित्रांबद्दल जेवढं विचारलं त्याहून जास्त कागदपत्रांबद्दल विचारलं. आत कशी शिरलीस? मालक कसे सापडले? हॉल मिळवायला कोणाची ओळख लावलीस? ओळख कोणाचीच नव्हती. ज्यांना असं काही करायचं आहे आणि कुठून सुरुवात करावी कळत नाही, त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते आहे.

मी डिचोलीची. आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि म्हापशात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात लागले. दिवसभर ऑटोकॅडवर नव्या व्हिलांचे प्लान काढायचे, हे काम. मंजुरीला जाणाऱ्या नकाशांत आमच्याकडे रंगांचा एक ठरलेला संकेत असतो. नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं. मे महिन्याच्या शेवटी एका प्लानवर जवळजवळ अख्खं जुनं घर पिवळं करायचं होतं. संगणकावर याला दोन क्लिक पुरतात. पण सरांबरोबर साइटवर जाऊन मापं मीच घेतली होती. वहीत पानंच्या पानं भरली होती : भिंतीची जाडी दोन फूट तीन इंच, बल्कांवातल्या (दारापुढच्या ओसरीतल्या) दगडी सोप्यांची, म्हणजे बाकांची, उंची, खिडकीच्या खोबणीत केलेली बसायची जागा, राजांगणातल्या (घराच्या मधल्या चौकातल्या) पन्हळीचा उतार. नव्या प्लानला यातलं काही म्हणजे काही लागणार नव्हतं. "सर, ही वही मी ठेवू?" म्हणून विचारलं. ते म्हणाले, "ठेव. रद्दीतच जायची आहे."

चित्रं मी आधीही काढायची. माड, नदी, होड्या, कॅलेंडरवर शोभतील अशी. त्या वहीनंतर ती काढवेनात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस अजून धरला नव्हता तेव्हा, ओल्ड गोव्याला गेले. पडकी वास्तू म्हटलं की आपल्याला आधी आठवतो तो होली हिलवरचा सेंट ऑगस्टीनचा मनोरा. चर्च १६०२ साली पुरं झालं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना हाकललं आणि मठ ओस पडला. १८४२ मध्ये छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा खाली आला. आज उभा आहे तो ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा उरलेला भाग. त्याची घंटा मात्र शाबूत आहे. ती पणजीच्या चर्चवर बसवलेली आहे, खालून पायऱ्या चढून जाणाऱ्यांतल्या फार थोड्यांना ते माहीत असतं.

ही जागा पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे. मांडीवर वही ठेवून चित्र काढायला कोणी हरकत घेतली नाही. इझल, ट्रायपॉड असं जमिनीवर उभं करायचं काही असेल तर मात्र आधी खात्याच्या ऑफिसात लेखी विचारा. गेटवरचा माणूस नाही म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका, तो त्याची नोकरी करतो आहे.

माझं एक मत झालं, पटो न पटो. त्या मनोऱ्याचं पडणं संपलेलं आहे. गवत कापलेलं, फलक लावलेला, चिरे नीट रचून ठेवलेले. तिथे बसून काढलेलं माझं चित्र चांगलं दिसत होतं आणि त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. तिथे मी शिकले ते एवढंच की चिरा जवळून बघावा. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. अंगभर भोकं. त्यावर चुन्याचा गिलावा आहे तोवर भिंत शंभर-दोनशे वर्षं सहज उभी राहते. गिलावा सुटला की पाऊस त्या भोकांतून आत जातो, चिऱ्यांमधली माती धुऊन काढतो, मग कुठल्यातरी फटीत पिंपळ रुजतो. घर पडतं ते या क्रमाने, आणि प्रत्येक टप्प्याचा भिंतीवर वेगळा रंग असतो. मला तो क्रम चालू असलेलं घर हवं होतं.

असं घर शोधायला लांब जावं लागलं नाही. ऑफिसच्या बसच्या वाटेवर बार्देशातलं एक गाव लागतं (नाव लिहीत नाही, घराच्या मालकांची तशी अट आहे). तिथल्या वळणावर एक दुमजली घर रोज खिडकीतून दिसायचं. वर्षानुवर्षं दिसत होतं. मी पाहिलं जूनमध्ये. रस्त्यावर उभं राहून चित्र काढायला कायद्याने कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून शनिवारी दुपारी उतरले, छत्री खांद्यात अडकवली आणि समोरच्या कंपाउंडाला टेकून काढायला लागले. अर्ध्या तासात शेजारच्या घरातून एक म्हाताऱ्या आंटी बाहेर आल्या. वहीकडे न बघता म्हणाल्या, "विकपाचें ना हें."

यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. परदेशी गेलेल्यांच्या, वारलेल्यांच्या जमिनी खोट्या कागदांवर विकल्याची एवढी प्रकरणं निघाली की २०२२ मध्ये सरकारला त्यासाठी वेगळी एसआयटी नेमावी लागली. बंद घराभोवती घुटमळणारी अनोळखी व्यक्ती म्हणजे दलाल, हेच गाव धरून चालतं. वही दाखवली, डिचोलीत आमचं घर कुठे आहे ते सांगितलं, ऑफिसचं नाव सांगितलं. शेवटच्या गोष्टीने संशय वाढलाच. आर्किटेक्टचं ऑफिस! घराच्या मालकांबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मला पुढच्या वेळी खुर्ची मात्र दिली.

मालक शोधायची रीत सांगते. गावातल्या जमिनीला सर्व्हे नंबर आणि उपविभाग असतो. जमीन नोंदणी खात्याच्या वेबसाइटवर नकाशा बघता येतो, नंबर कळला की नमुना १ आणि १४, म्हणजे आपण बोलताना 'वन-फोर्टीन' म्हणतो तो उतारा, तोही उघडतो. महाराष्ट्रातल्या सातबाऱ्याचा हा भाऊ. नुसतं बघायला पैसे पडत नाहीत. सही-शिक्क्याची प्रत हवी तर फी भरायची. पणजी, म्हापसा, मडगाव अशा शहरांत सर्व्हे नंबर चालत नाही, तिथे शहरी मोजणीचा चलता नंबर आणि पीटी शीट नंबर लागतो, आणि उताऱ्याऐवजी फॉर्म डी. हे माहीत नसल्यामुळे लोक पणजीच्या फोंताइन्यसमधलं घर गावच्या रकान्यात शोधत बसतात.

उतारा निघाला खरा. कब्जेदाराच्या रकान्यात नावं होती, पण ती १९७० च्या दशकातल्या मोजणीची. त्यातलं कोणी हयात असेल असं वाटत नव्हतं. आमच्या ऑफिसात जमिनीची कामं बघणारे एक जुने गृहस्थ आहेत. त्यांनी चहा पिता पिता उलगडून सांगितलं. गोव्यात वारसाहक्क पोर्तुगीज नागरी कायद्याच्या वळणाने चालतो. नवराबायकोची मालमत्ता सामाईक, मुलगा-मुलगी समान वाटेकरी. एखादा वारला की 'इन्व्हेंटरी', म्हणजे मालमत्तेची आणि वारसांची रीतसर नोंद, करून वाटण्या व्हायला हव्यात. आता त्यासाठी २०१२ चा स्वतंत्र कायदाही आहे. पण एक वाटेकरी लिस्बनला, एक टोरोंटोला, एकाचं दुसऱ्याशी बोलणं नाही. दोन पिढ्या वाटणी झाली नाही की एका घराला तीस-चाळीस वाटेकरी होतात. दुरुस्तीला पैसे घालायचे कोणी? ज्याने कौलं बदलली त्याने हक्क दाखवला, असा बाकीच्यांचा समज. म्हणून कौल कोणीच बदलत नाही. "घराला वाळवी नंतर लागते," ते म्हणाले, "आधी वाटेकरी लागतात."

हे ऐकल्यावर माझं बघणं बदललं. पडक्या घरांच्या फोटोंखाली लोक हळहळतात, काळाची पावलं वगैरे लिहितात. त्या घराला काळाने फारसं काही केलेलं नव्हतं. एक कौल सरकलं होतं आणि शिडी कोणी लावायची ते ठरलं नव्हतं.

वारस सापडले ते वेबसाइटवर नव्हे, आंटींमुळे. चवथ्या की पाचव्या शनिवारी त्यांनी स्वतःच विचारलं, "मडगावच्या भाच्याचा नंबर दिला तर त्याला सतावणार नाहीस ना?" १९ जुलैला भाच्यांना पत्र पाठवलं, व्हॉट्सअॅपवर नाही, टाइप करून, सही करून, त्याचा पीडीएफ. मी कोण, काय करणार, किती महिने, आत कुठवर जाणार, आणि घराच्या व्यवहाराशी माझा संबंध नाही. सोबत आधारची प्रत आणि चार चित्रांचे फोटो. पत्र लिहाच. फोनवरचं बोलणं एका वारसापाशी थांबतं, पत्र पुढे पाठवता येतं. माझं पत्र लिस्बनपर्यंत गेलं.

उत्तर आलं २ सप्टेंबरला. मधला दीड महिना मी रस्त्यावरूनच काढत होते, आणि रोज मेल उघडून बघत होते. मनात सारखं यायचं, कोण आपण, कशाला त्यांच्या भांडणात पाय घालतो आहोत. शिवाय जुलैच्या पावसात जलरंग वाळत नाही. कागद गुंडाळीत घरी आणेपर्यंत रंग पसरायचा, आठवड्यात बुरशीचे ठिपके यायचे. कोळशाने काढायला लागले ते हौसेने नव्हे, नाइलाजाने. मग ध्यानात आलं की ओल्या भिंतीचा काळा-हिरवा कोळशातच बरा उतरतो. पावसाळ्यात काम करणाऱ्यांनी तीनशे जीएसएमचा कॉटन पेपर घ्यावा, महाग पडतो (मला मोठा ताव साडेचारशेला पडला), पण लाटत नाही. चित्रं प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवावीत. बुटांच्या खोक्यात येतात त्या पुड्या सगळ्या ओळखीच्यांकडून गोळा करा.

परवानगी आली ती अटींसह. घराचा नंबर आणि गाव कुठे येऊ द्यायचं नाही. वरच्या मजल्यावर जायचं नाही. काहीही उचलायचं नाही. घराची चित्रं विकायची नाहीत. आणि स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं की मी घरावर ताबा किंवा कसलाही हक्क सांगणार नाही, आणि काही अंगावर पडलं तर जबाबदारी माझी. ताब्याचं वाचून आधी हसू आलं. मग ऑफिसातल्या त्याच गृहस्थांनी मुंडकार कायद्याची आठवण दिली. १९७५ च्या त्या कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत राहणाऱ्या मुंडकाराला संरक्षण मिळालं, आणि ते मिळायलाच हवं होतं. पण तेव्हापासून बंद घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती देताना मालक दहादा विचार करतात. मसुदा त्यांनीच सांगितला. स्टॅम्प पेपर, टायपिंग आणि नोटरी मिळून तीनशेच्या आसपास गेले. मधे चवथ (गणेशचतुर्थी) आली, नोटरी गावी, भाचेसाहेब मुंबईत. किल्ली हातात पडली २१ सप्टेंबरला.

आत जाणाऱ्यांना थोडं सांगते, कारण हे धोक्याचं काम आहे. एकटं जाऊ नका. निदान शेजारी कोणाला तरी आत जाते, अमुक वाजता येते, असं सांगून जा. जाड तळाचे बूट, साइटवरचं हेल्मेट, वटवाघळांची घाण असते म्हणून मास्क. लाकडी फळ्यांच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही. परसात गवत वाढलेलं असलं तर विहीर कुठे आहे ते आधी विचारून घ्यायचं. आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस तरी आत जायचं नाही. भिंत पावसातच पडते असं नाही, कधी कधी नंतर ऊन पडल्यावरही पडते.

आत मी जे काढलं त्यात भव्य असं काही नाही. जिन्याजवळच्या एका भिंतीवर चुन्याचे हात एकावर एक होते : वरचा मळका पांढरा, खाली गुलाबी, त्याखाली पिवळा, सगळ्यात खाली निळीचा निळा. गिलावा सुटून पोपडे आले होते आणि पोपड्याच्या कडेला हे चारी रंग नखाएवढ्या जागेत दिसत होते. ती कड मी कागदभर मोठी करून काढली. प्रदर्शनात बऱ्याच जणांना ते समुद्रकिनाऱ्याचं, वरून काढलेलं चित्र वाटलं.

दुसरं, शिंपल्यांची खिडकी. काचेऐवजी पातळ शिंपले चौकोनी कापून लाकडी खाचांत सरकवलेले. पिवळसर, दुधी उजेड येतो त्यातून. पूर्वी गोव्यात सर्रास असत. या खिडकीतले बरेच शिंपले गेले होते, आणि त्या जागी कोणीतरी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून अगदी मापात बसवला होता. पत्रा गंजला होता. गंजाचा ओघळ खालच्या शिंपल्यांवर उतरून त्यांनाही तांबूस रंग चढला होता. एका पत्र्यावर उलट्या बाजूने छापील अक्षरांचा ठसा होता. दुरुस्ती करणाऱ्याने तो मुद्दाम आतल्या अंगाला ठेवला होता, बाहेरून वाईट दिसू नये म्हणून. त्या माणसाचं नाव आंटींनाही आठवेना. घरात सगळ्यात जास्त वेळ मी त्या खिडकीपाशी घालवला.

विजेची जुनी लाकडी पट्टी, काळे गोल स्विच, मीटर काढून नेल्यावर भिंतीवर राहिलेला स्वच्छ चौकोन, हेही काढलं. जांभ्याचा रंग ट्यूबमधला घेऊन बघितला, जुळेना. मग रस्त्याकडेला पडलेला चिऱ्याचा तुकडा खलात कुटून, वस्त्रगाळ करून, डिंकाच्या पाण्यात मिसळला. जांभ्यात लोह असतं, त्यामुळे रंग पक्का राहतो. पण कण जाड राहिले तर ब्रशचे केस झिजतात, जुना ब्रश वापरा. (तुकडा घराचा नव्हता. अट पाळली.)

नोव्हेंबरात विषय डिचोलीकडे वळला. आमच्याकडे पडझड बघायला घरात शिरावं लागत नाही, ती रस्त्याच्या कडेला उभी असते. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि १६ मार्चपासून खाणी थांबल्या. त्याआधी २०१२ मध्येही एकदा थांबल्या होत्या. कर्ज काढून घेतलेले टिपर ट्रक जिथे उभे राहिले तिथे राहिले. काही विकले गेले, काही भंगारात गेले. काहींच्या चेसिसमधून आता झाडं वर आली आहेत. खाणींनी केलेलं नुकसान मला ठाऊक आहे, आमच्या विहिरीचं पाणी मी लाल झालेलं बघितलं आहे. ट्रकवाल्यांची घरं कशावर चालत होती तेही बघितलं आहे. दोन्ही गोष्टी एका चित्रात मावत नाहीत, मी त्या मावायचा प्रयत्नही सोडून दिला. ट्रक काढला, त्याच्या टायरमधलं साचलेलं पाणी काढलं.

इथे परवानगीला पाच मिनिटं लागली. ट्रकवाले काका आमच्या वाड्यावरचेच. "काढ गो बाय, फुकटचं मॉडेल," म्हणाले, आणि स्टूल आणून दिलं. चित्र झाल्यावर दाखवायला गेले. बराच वेळ बघत राहिले. मागे मी पेन्सिलीने नाव लिहिलं होतं, 'भंगार १'. ते वाचून म्हणाले, "भंगार लिहू नको. बॅटरी जोडली तर इंजिन चालू होतं अजून." मी नाव खोडलं आणि त्यांना विचारून गाडीचा मॉडेल आणि साल लिहिलं. मग सगळ्याच चित्रांची नावं बदलली. 'अवशेष', 'विराण', 'उध्वस्त' अशी जी काही यादी केली होती ती फेकून दिली. घराच्या चित्रांखाली फक्त जागा आणि तारीख : जिन्याजवळची भिंत, १४ ऑक्टोबर. वाचणारा स्वतः काय ते ठरवेल.

आता हॉल. पणजीतल्या एका सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थेच्या दालनासाठी मी ५ ऑगस्टलाच अर्ज केला होता, म्हणजे घराची परवानगी यायच्याही आधी. तसंच करा, कारण सरकारी काम आणि सहा महिने थांब. अर्जासोबत आधार, बायोडाटा, पाच चित्रांचे फोटो, तारखांच्या तीन पसंती. काउंटरवर आर्ट कॉलेजचा दाखला मागितला. आयटीआयचं सर्टिफिकेट पुढे केलं तर क्लार्कने ते उलटसुलट करून बघितलं. शेवटी शाळेतल्या माझ्या निवृत्त चित्रकला शिक्षकांचं शिफारसपत्र जोडून काम झालं. नियमांत तसं काही लिहिलेलं नव्हतं. पण छापील नियम मागितले तेव्हा झेरॉक्स मशीन बंद होतं.

पहिली पसंती डिसेंबरची होती. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कलामहोत्सव असतो, शहरातल्या बऱ्याच जागा त्यात गुंततात, आणि नवख्या माणसाला तारीख मिळणं कठीण. ऑक्टोबरच्या अखेरीस कळवलं : फेब्रुवारी, मंगळवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार नाही. घेतली. तुम्ही फेब्रुवारीची तारीख घेत असाल तर कार्निव्हल कधी आहे ते बघून घ्या. पणजीत मिरवणूक असते त्या दिवशी रस्ते बंद, टेम्पो आत येत नाही.

भाडं दिवसाला दीड हजार, वर जीएसटी, चार दिवसांचे ७,०८० झाले. अनामत ५,००० वेगळी, डिमांड ड्राफ्टने. भिंतीला खिळा मारायला बंदी. वरच्या रुळाला साखळी आणि हूक. साखळ्या पुरेशा आहेत का ते आधी जाऊन मोजा, मला शेवटच्या संध्याकाळी म्हापशाच्या बाजारातून आणाव्या लागल्या. चौदा मोठ्या चित्रांना फ्रेमा केल्या, नगाला ११०० रुपये. बाकीची फळीवर क्लिपा लावून टांगली, आणि खरं सांगायचं तर ती जास्त चांगली दिसली. काचेत हॉलच्या ट्यूबलाइटी दिसतात.

पहिल्या दिवशी सकाळी मी, भाऊ आणि सुरक्षारक्षक. दुपारपर्यंत चौथा माणूस नाही. पोटात गोळा आला होता. मराठी दैनिकांना बातमी आठवडाभर आधी दिली होती, एकाने बुधवारी छापली, त्या दिवसापासून लोक यायला लागले. त्यातले निम्मे चित्रं बघायला नव्हे तर आपल्या घराबद्दल बोलायला येत. पेडण्याचे एक गृहस्थ पोपड्याच्या चित्रासमोर उभे राहून त्यांच्या चुलत्यांची कोर्टकेस सांगत राहिले. मी ऐकून घेतलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आंटी शुक्रवारी भाच्याच्या गाडीतून आल्या. खिडकीचं चित्र बघून त्यांना माणूस आठवला. नाव नाही, पण तो सायकल दुरुस्त करायचा आणि पावसाआधी सगळ्या वाड्याच्या खिडक्या बघून जायचा, पैसे घ्यायचा नाही, जेवून जायचा. भाच्यांनी वेगळंच विचारलं. इन्व्हेंटरीचं काम आता पुढे सरकतं आहे, वकिलाला घराच्या आत्ताच्या अवस्थेची नोंद हवी आहे, तारखांसकट. या घराची तुम्ही वहीत टिपलेली मापं मिळतील का? सरांना विचारलं. ते म्हणाले, मापं दे, पण 'स्वतः घेतलेली, अधिकृत मोजणी नव्हे' असं प्रत्येक पानावर लिही आणि सही कर. तसं केलं. वहीच्या बत्तीस पानांच्या झेरॉक्स मडगावला गेल्या.

खर्चाचा हिशोब विचारणाऱ्यांसाठी. हॉल, फ्रेमा, टेम्पो, कार्डं आणि उद्घाटनाचा चहा-नाश्ता मिळून २९,००० च्या जवळ. कागद-रंग वर्षभराचे अंदाजे ९,०००. घराची चित्रं विकायची नव्हती. ट्रक आणि बसथांब्यांची विकली गेली, २३,५०० आले. म्हणजे खिशातून साडेचौदा हजार. त्यांतलं ट्रकचं एक चित्र काकांच्या मुलाने घेतलं, हप्त्याने. सवलत घे म्हटलं तर ऐकेना.

हमीपत्राचा मसुदा आणि मालकांना लिहिलेल्या पत्राचा नमुना कोणाला हवा असेल तर कळवा, नावं काढून पाठवते. हॉलची अनामत प्रदर्शनानंतर पंधरा दिवसांत परत मिळते असं पावतीच्या मागे छापलं आहे. एप्रिल संपत आला, अजून आलेली नाही. पावती आणि डिमांड ड्राफ्टची झेरॉक्स दोन्ही जपून ठेवा, काउंटरवर आधी तेच मागतात.